घोंगडीची शेरवानी

आमच्या घराण्यातून न्यायाधीशांपुढं ताठ उभी राहिलेली पहिली वस्तू म्हणजे माझी शेरवानी. मी फक्त तिच्या आत होतो.

मी बी. ए. आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकीकत वाचून कुणाचा विश्वास बसायचा नाही. घाटनांदूरच्या आसपासच्या धनगरांत माझ्या आधी कुणी बी. ए. झालं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्या आधी कुणी दुसरीही झालं नव्हतं! गावातून मी निघालो की माणसं परक्यासारखी बघायची आणि मेंढ्या ओळखीनं बघायच्या. मला दोन्हींचा अभिमान होता.

वकील व्हायचं हे मात्र मी ठरवलं नव्हतं. ते माझ्या बापानं, बानं ठरवलं होतं, तेही अदालतीत हरून आल्यावर.

झालं होतं असं, की गावच्या पाटलानं बावर फिर्याद केली : ह्याच्या मेंढ्यांनी माझी उभी ज्वारी खाल्ली. ज्वारी खाल्ली होती पाटलाच्याच बैलांनी. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, बैलांनासुद्धा. खटला अंबाजोगाईला चालला. (कागदोपत्री तेव्हा मोमिनाबाद. मेंढ्यांना दोन्ही नावं सारखीच.) निजामाचं राज्य, अदालतीचा सगळा कारभार उर्दूत. बाला मराठी यायची, मेंढ्यांशी बोलता यायचं. उर्दूचा एक शब्द येत नव्हता. तेव्हा वकिलानं त्याला बाहेरच पढवून ठेवलं, "हे बघ, साहेबानं काहीही विचारलं तर वाकायचं आणि म्हणायचं, जी हुजूर. बाकीचं मी बघतो."

साहेबानं विचारलं, मेंढ्या तुझ्याच का? बा वाकला. "जी हुजूर!"

पाटलाच्या शेतात तूच घातल्यास? "जी हुजूर!"

जाणूनबुजून? बा आणखी खाली वाकला. "जी हुजूर!"

बाकीचं वकील बघणार होता. पण बानं त्याला बघायला बाकी काही ठेवलंच नाही!

घरी आला तो खुशीत. मायला म्हणाला, "साहेब लई भला मानूस. माज्याकडं बघून हसला बी." आणि थोड्याच दिवसांत गावात दवंडी फिरली : आमच्या कळपाला गावचं गायरान बंद. बा दवंडीवाल्याच्या मागं मागं गावभर फिरला. त्याला वाटत होतं, पुढच्या चौकात तरी हा दुसरं काही सांगेल.

"समदं तर बराबर बोललो," तो मायला विचारत राहिला, "मंग कावून हारलो?" विचार करकरून त्यानं स्वतःच निकाल लावला, "तितं आपला मानूस नव्हता, म्हनून. पोराला वकील करायचा." दुसऱ्या दिवशी माझ्या हातातली काठी गेली आणि पाटी आली.

बाला खरं कारण कधीच कळलं नाही. मला कळलं ते अंबाजोगाईच्या शाळेत. तिथं पोरं एक किस्सा सांगायची, एका धनगराचा, जो भर अदालतीत वाकून वाकून गुन्हा कबूल करतो. मी पोट धरून हसलो. घरी परतताना अर्ध्या वाटेवर लक्षात आलं, की किश्श्यातला धनगर माझा बाप आहे.

बाला मी ते सांगितलं नाही. सांगणार कसं? त्याच्यापाशी उर्दूचं तेवढंच भांडवल होतं, आणि त्याला त्याचा मोठा गर्व होता. घरी तहसीलचा शिपाई आला तरी बा "जी हुजूर" म्हणून दाखवायचा आणि मग माझ्याकडं बघायचा, जमलं ना, अशा डोळ्यांनी.

तर मी बी. ए. झालो आणि हैदराबादेच्या वकिलीच्या वर्गाला अर्ज केला. माझे शाळेतले फारसीचे मौलवीसाहेब (त्यांनी मला पोटच्या पोरासारखं शिकवलं, आणि तितकंच मारलं) अर्ज घेऊन बसले. त्यांनी नियम सांगितले. वर्गात जागा थोड्या. तीन न्यायाधीशांची समिती उमेदवाराला समोर बोलावून पारखणार. उमेदवाराचा वली, म्हणजे बाप किंवा पालक, सोबत पाहिजे. त्याची संमती समिती तोंडी घेणार.

"आणि बेटा, पोशाख! शेरवानीशिवाय आत पाऊल टाकू देणार नाहीत."

बा दाराशी बसून ऐकत होता. त्यानं मला कोपरानं ढोसलं. "शेरवानी मंजी कसं आसतं, इचार की."

मौलवीसाहेबांनी त्याच्यासाठी मराठीत समजावलं, "काळी पाहिजे. जाड पाहिजे. गुडघ्यापर्यंत लांब. गळा बंद."

बाचा चेहरा असा उजळला, की मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

"आरं, मंग घोंगडंच की हे!" बा म्हणाला. "काळं, जाड, गुडघ्याइतकं! बाह्या तेवड्या लावायच्या!"

मी म्हणालो, "बा, ते कापडाची शिवतात. भाड्यानं मिळते हैदराबादेत."

"दुसऱ्याच्या अंगातली घालून साहेबापुढं जातोस? मी मेलो काय? आपल्या घरी लोकर आसताना?"

लोकर होती, तेवढीच होती. गायरान बंद झाल्यापासून आमचा कळप दुसऱ्यांच्या शिवारांतून हिंडायचा. जिथं तिथं हाकलला जायचा. मी बी. ए. झालो त्या साली मेंढ्यांना देवीचा रोग आला. सकाळी मेंढ्यांच्या वाड्यात जायचं आणि कोण उठत नाही ते बघायचं, एवढंच काम राहिलं. माय एकेकीला नावानं हाक मारायची. शेवटी हाका मारायचं तिनं बंद केलं. रोगाआधी कातरलेली काळी लोकर तेवढी कणगीत राहिली होती. बा ती विकत नव्हता. कशासाठी ठेवलीय, ते आता कळलं.

मायनं सूत कातलं. बा मागाच्या खड्ड्यात उतरला आणि आयुष्यात कधी विणली नव्हती अशी घट्ट पट्टी विणली. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजायचे, दळायचे, शिजवायचे आणि तो चिकट लगदा कुंच्यानं चोळायचा, म्हणजे घोंगडी कडक होते आणि पाणी आत शिरत नाही. बानं एकदा खळ दिली. मग लांबून बघितलं. "साहेबापुढं ढिली पडाय नगं," म्हणाला आणि पुन्हा दिली. मग मी परगावी गेलो होतो, तेवढ्यात आणखी एकदा दिली!

शिंप्याकडं नेली तर त्याची सुई मोडली. दुसरी मोडली. तो म्हणाला, "हे मोच्याकडं न्या."

त्यानं टोमणा मारला होता. आम्ही खरंच मोच्याकडं नेली! त्यानं दाभणानं शिवली, चामड्याच्या वादीनं गळा बांधला आणि मेंढ्याच्या शिंगाची बटणं लावली. बानं ती अंगणात आणून ठेवली. टांगली नाही, ठेवली. ती उभीच राहिली! बाह्या थोड्या पुढं, गळा वर, जणू आत कुणी बिनडोक्याचा जहागीरदार उभा आहे. कुत्रं दिवसभर तिच्यावर भुंकत होतं.

माय तिच्याभोवती फिरून आली. तिनं बाहीवर गाल ठेवला आणि हुंगलं.

"ह्यात समद्या हायेत रं," एवढंच म्हणाली.

यानंतर भाड्याच्या शेरवानीचं नाव काढायची माझी छाती झाली नाही.

बैलगाडीनं परळी, गंगाखेड करत परभणी गाठली. शेरवानीची घडी होत नव्हती, म्हणून ती गाडीत बसलेल्या माणसासारखी आमच्या मधोमध बसली. आगगाडीत तर एका म्हाताऱ्यानं तिला "सरकता का जरा" म्हणून विचारलं! मी कायद्याच्या पुस्तकात डोकं घातलं. मला एकच घोर लागला होता, आणि तो शेरवानीचा नव्हता.

"बा," मी शेवटी म्हणालो, "तितं साहेबांनी तुला काय इचारलं तर माज्याकडं बघ. मी सांगीन तसं बोल."

"आरं, मला काय शिकवतोस? अदालत बघितल्याली हाय मी. तू न्हाई." 

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. बा खिडकीतून बाहेर बघत होता, गुडघ्यावर पटका ठेवून, हसऱ्या तोंडानं. मी पुस्तकाचं पान उलटलं.

हैदराबादेत समितीच्या कचेरीबाहेर लांब व्हरांडा होता. उमेदवार होते सगळे जहागीरदारांचे, हुद्देदारांचे, वकिलांचे मुलगे. मराठी बोलणारे हाताच्या बोटांवर, आणि धनगर मी एकटा. मराठी बोलणाऱ्यांत अंबाजोगाईच्या एका वकिलाचा मुलगा होता. आपल्या मुलखातला म्हणून मी आनंदानं त्याच्याशेजारी गेलो. त्यानं नाकाला रुमाल लावला.

"काय बे, मेंढरू मेलं का काय हितं?" तो पलीकडच्याला म्हणाला.

मी म्हणालो, "लई मेली. ही त्यातलीच हाय."

तो सरकला. मी फुगून उभा राहिलो. (उभा राहण्यावाचून इलाजही नव्हता, शेरवानीला बसणं माहीत नव्हतं.) पण ऊन चढलं. घाम सुटला. खळीचा आणि घामाचा संबंध माझ्या ध्यानात आला तेव्हा फार उशीर झाला होता. वरून शेरवानी लाकूड, आतून चिखल!

माझं नाव पुकारलं. आत तीन न्यायाधीश, मोठं टेबल, मखमली खुर्च्या. पहिल्यांदा झुकून सलाम करायचा होता. मी झुकलो. म्हणजे मी आत झुकलो. शेरवानी झुकली नाही. गळ्याची वादी हनुवटीत रुतली आणि मी छताकडं बघत सलाम केला.

मधले साहेब इतरांना हळूच म्हणाले, "बड़ा मग़रूर लड़का है."

"बैठो," दुसरे म्हणाले.

मी बसलो. काडकन आवाज झाला. तिघंही दचकले, त्यांना वाटलं खुर्ची मोडली. पाठीची खळ तडकली होती. मी मात्र हललो नाही, आणि प्रश्न सुरू झाले तेव्हा तर सगळं विसरलो. अभिमानानं सांगतो, एकही उत्तर चुकलं नाही. मधल्या साहेबांनी पुराव्याच्या कायद्यावर विचारलं, कबुलीजबाब ग्राह्य कधी धरावा?

मी उर्दूत म्हणालो, "हुजूर, देणाऱ्याला आपण काय कबूल करतोय हे समजत असेल तेव्हाच. न समजता दिलेली कबुली ही कबुलीच नव्हे."

"शाबाश!" साहेब म्हणाले. त्यांनी बाजूच्यांकडं बघितलं, बाजूच्यांनी मान डोलावली. मला जागा मिळाली होती! एवढी एक रीत राहिली होती. "वली को बुलाओ."

बा आला. धुतलेलं धोतर, लाल पटका, पायताण बाहेर. टेबलामागं तीन साहेब बघितले आणि त्याचे डोळे चमकले. इतकी वर्षं तो ह्याच दिवसाची वाट बघत होता. मी डोळ्यांनी खुणा करत होतो. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही.

"ये तुम्हारा लड़का है?"

बा कमरेतून असा वाकला, की पटक्याचा शेव फरशीला लागला. कुणा नवाबाला जमला नसता असा सलाम. "जी हुजूर!"

माझा जीव भांड्यात पडला.

"घर की हालत खराब है. पढ़ाई बीच में छोड़कर भाग जाएगा क्या?"

"जी हुजूर!"

साहेबांची लेखणी थांबली. "यानी तुम ख़ुद नहीं चाहते कि ये वकालत पढ़े?"

"जी हुजूर!"

"घर जाकर भेड़ें चराए, यही चाहते हो?"

बा आणखी खाली वाकला. उठला तेव्हा त्याच्या तोंडावर इतकं समाधान होतं, की तसं मी कधी बघितलं नव्हतं, माझ्या बी. ए.च्या दिवशीसुद्धा नाही. "जी हुजूर!"

मी ओरडलो, "हुजूर, ही कबुली ग्राह्य नाही! त्यांना उर्दू समजत नाही!" आणि ताडकन उठलो. म्हणजे मी उठलो, शेरवानी उठली आणि शेरवानीला चिकटलेली मखमली खुर्चीही उठली! माझ्या आयुष्यातला पहिला युक्तिवाद मी पाठीला खुर्ची घेऊन केला. वळून बाच्या दिशेनं हात केले, तर खुर्चीच्या पायानं टेबलावरची दौत आडवी झाली. शाई साहेबांच्या पांढऱ्या पायजम्यावर.

शिपायांनी मला धरलं. दोघांनी मला ओढलं, एकानं खुर्चीला. खुर्ची सुटली, मखमल माझ्याबरोबर आली.

"बाप शरीफ़ आदमी है," मधले साहेब पायजमा पुसत म्हणाले. "साफ़ साफ़ बता दिया." आणि माझ्या नावावर आडवी रेघ मारली.

व्हरांड्यातली सगळी हसत होती. वकिलाचा मुलगा तर खांब धरून हसत होता. त्याला अंबाजोगाईला न्यायला नवा किस्सा मिळाला होता, आणि त्यातही धनगर तोच!

पायऱ्यांवर बा माझी वाट बघत उभा होता.

"काय झालं रं? येवडा कावून वरडलास? साहेब तर माज्यावर लई खूश व्हता. हसला बी." मग त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. "घेतलं न्हाई?"

"न्हाई."

"मी काय चुकलो का रं? समद्याला बराबर जी हुजूर म्हनलो."

वकिलाला खोटं बोलावं लागतं म्हणतात. मी अजून वकील नव्हतो, तरी मला ते तिथल्या तिथं आलं.

"तू बराबर बोललास, बा. शेरवानीनं घात केला. खुर्चीला चिकटली."

बानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मखमलीचा तुकडा सोलून काढला, बोटावरचा चिकटा हुंगला आणि मान हलवली. "खळ जास्ती झाली. माजंच चुकलं. माय तुजी म्हनतच व्हती." मग पायऱ्या उतरता उतरता म्हणाला, "फुडच्या बारीला कमी देतो."

पुढच्या बारीला बा नव्हता. त्या हिवाळ्यात मानमोडीचा ताप आला, आणि गावात माणसांचं आमच्या मेंढ्यांसारखं झालं. सकाळी कोण उठत नाही ते बघायचं. बाला थंडी वाजायची. घरातली सगळी पांघरुणं घातली तरी थांबेना. तेव्हा मायनं शेरवानीची शिवण उसवली, शिंगाची बटणं तोडली आणि ती बाच्या अंगावर घातली. बानं हात फिरवून ओळखलं. "आता मऊ झाली बग," म्हणाला. "आता घाल."

मातीत ठेवतानाही ती त्याच्या अंगावरच होती. कळपातलं उरलेलं सगळं त्याच्याबरोबर गेलं.

पुढच्या वर्षी वली म्हणून मौलवीसाहेब आले आणि त्यांनी समितीला अशी उर्दू ऐकवली, की साहेबच "जी जनाब" म्हणाले. मी भाड्याची शेरवानी घातली होती. काही चिकटलं नाही, काही मोडलं नाही, कुणी हसलं नाही. मी वर्गात बसलो, सनद मिळवली आणि अंबाजोगाईला वकील म्हणून परतलो. आमच्या घराण्यातला, जातीतला पहिला. हेही अभिमानानं सांगतो.

माझा पहिला दावा आमच्याच गायरानाचा होता. दावा लावणारी माय. बा जिथं हरला त्याच अदालतीच्या दाराशी मी तिला थांबवलं आणि पढवलं, "माय, आत तू कायबी बोलू नगं. साहेबानं इचारलं तरी न्हाई. आपला मानूस हाय आता. बाकीचं मी बघतो."

माय आत आली, माझ्यामागं पदर घट्ट धरून उभी राहिली. तिनं अवाक्षर काढलं नाही. मी उभा राहिलो. रात्रंदिवस पाठ केलेलं भाषण जिभेवर होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात साहेबांनी कागदांवरून नजर वर केली, चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं आणि एकदम दरडावून विचारलं, "वकीलसाहब, इस दावे में कुछ दम नहीं है, ये तो आप भी मानते हैं?"

माझी शेरवानी शिंप्यानं शिवलेली, तलम, मऊ होती. कमरेत सुरेख वाकली. आणि मी, बी. ए., सनदी वकील, पार फरशीपर्यंत झुकून म्हणालो, "जी हुजूर!"